कळी दरवेळी चपटी आणि मातकट का होते: माझ्या तीसेक बिघडलेल्या कळ्यांवरून

जलरंगात फुलापानांची चित्रं काढताना पान नीट येतं, उमललेलं फूल बरं येतं, देठाचंही जमतं, आणि त्याच कागदावर त्याच रंगांनी काढलेली कळी मात्र कुणीतरी स्टिकर आणून चिकटवल्यासारखी दिसते. एकदा झालं तर आज हात लागत नाहीये म्हणून सोडून देता येतं, पण माझं हे सलग दोन-अडीच वर्षं चाललं होतं, ब्रश बदलले, कागद बदलला, रंगांचा अख्खा सेट बदलला, तरी तेच. शेवटी एक दिवस सगळ्या बिघडलेल्या कळ्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या, तीसेक असतील, आणि प्रत्येकीखाली पेन्सिलने लिहीत गेले की हिच्यात नेमकं काय खटकतंय. तक्रारी निघाल्या चार-पाचच. आणि त्यातल्या बहुतेक एकाच सवयीतून आलेल्या, ती म्हणजे मी कळी तुकड्यातुकड्याने रंगवत होते. आधी एक निदल (कळीला बाहेरून झाकणारं हिरवं पान), मग शेजारचं निदल, मग त्यातून डोकावणारी पाकळी, आणि प्रत्येकाला स्वतःची वेगळी सावली, स्वतःचा वेगळा हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ जागा. उमललेल्या फुलात हे खपून जातं कारण तिथे प्रत्येक पाकळी खरंच वेगळ्या दिशेला तोंड करून बसलेली असते, कळीत मात्र सगळं एकाच गोळ्याभोवती घट्ट गुंडाळलेलं असतं आणि उजेड पडतो तो त्या गोळ्यावर.

तुमची तक्रार कुठली आहे ते आधी ठरवा, नाहीतर चुकीच्या ठिकाणी मेहनत जाते. मी करते ती टेस्ट सोपी आहे, चित्राचा मोबाईलवर फोटो काढायचा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करायचा. त्यातही कळी चपटीच दिसत असेल तर भानगड टोनची, म्हणजे गडद-फिकटाच्या फरकाची आहे, रंगाशी तिचा काही संबंध नाही. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये छान गोल दिसतेय आणि रंगीत बघितली की मेलेली वाटतेय तर रंग मातकट झालाय. आणि दोन्हीत ठीक आहे तरी काहीतरी विचित्र वाटतंय, नक्की काय ते सांगता येत नाही, असं असेल तर ड्रॉइंगच चुकलंय आणि वर कितीही लेयर चढवले तरी ते सुटणार नाही, हे मी स्वतः खूप लेयर चढवून बघितलंय.

ड्रॉइंगमधली सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मान मोडलेली कळी. देठ एकीकडे चाललाय आणि कळी तिसरीकडेच बघतेय. देठातून निघून निदलांच्या तळातून, कळीच्या पोटातून थेट टोकापर्यंत जाणारी एक रेघ पेन्सिलने खरोखर ओढा, मनातल्या मनात नको, आणि मग त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आकार बसवा. जिथे देठ कळीला मिळतो तिथे सरळ आडवी रेघ कधीच नसते, तिथे लंबगोल असतो, कळी तुमच्याकडे झुकलेली असेल तर जास्त उघडा आणि बाजूने बघत असाल तर जवळजवळ मिटलेला. आणि मोजा. डिव्हायडर कागदाला समांतर धरून लांबी घ्या, कारण कळी आपल्या दिशेने वळलेली असली की ती दिसायला आखूड होते पण आपल्या डोक्याला तिची खरी लांबी माहीत असते आणि हात गुपचूप तीच काढतो. फोटोवरून काढणाऱ्यांनी आणखी जपायचं, मोबाईल अगदी जवळ नेऊन काढलेल्या फोटोत पुढचा भाग फुगतो आणि मागचा देठ उगाच बारीक होतो.

मग येतं कोण कुणाच्या वर आहे ते. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि माझं ठाम मत आहे की कळीचं अर्धं काम इथेच होतं. एक जास्तीची कळी घ्या आणि ब्लेडने आडवी कापून भिंगातून बघा, कडा एकमेकींवर कशा बसल्यात ते लगेच दिसतं. गुलाबाची कळी घ्या. जंगली गुलाबात आणि बागेतल्या पुष्कळ जातींतही निदलं पाच असतात, त्यातल्या दोघांच्या दोन्ही कडांना झालर असते, दोघांच्या एकाही कडेला नसते आणि पाचव्याच्या फक्त एका बाजूला असते. हे गंमत म्हणून नाही, मिटलेल्या कळीत जी कड बाहेर राहते तिला झालर येते आणि जी शेजारच्याच्या खाली दबलेली असते ती साधी राहते. हे माहीत नसताना मी पाचही निदलांना दोन्हीकडे झालर काढत होते आणि कळी दिसायची फ्रिल लावलेल्या फ्रॉकसारखी. जास्वंदीचं उलटं, तिची हिरवी निदलं खाली जुळलेली असतात आणि वर त्यांच्या कडा नुसत्या एकमेकींना टेकतात, कुणी कुणाच्या वर जात नाही, आणि त्याच्याही खाली बारीक हिरव्या पट्ट्यांचं आणखी एक कडं असतं जे बरेच जण काढायचं विसरतात. पाकळ्या मात्र छत्री मिटवल्यासारख्या पिळलेल्या, प्रत्येकीची एक कड वर आणि दुसरी शेजारणीच्या खाली.

पिळाची दिशा ही माझी जुनी जखम आहे. कागद खराब होऊ नये म्हणून मी ड्रॉइंग वेगळ्या कागदावर करते आणि मग ट्रेसिंगने चांगल्या कागदावर घेते. एकदा सदाफुलीची अख्खी फांदी, कळ्या धरून, तीन आठवडे बसून केली आणि वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना मोठ्या हौसेने दाखवली. त्यांनी पाच सेकंद बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, ही कुठली सदाफुली? हिचा पीळ उलटा आहे." ट्रेसिंग पेपर मी पालथा घातला होता. जास्वंदीत कदाचित निभावलं असतं, तिथे एकाच झाडावर दोन्ही दिशांनी पिळलेल्या कळ्या सापडतात, पण सदाफुली, कण्हेर या कुळात पीळ ठरलेल्या दिशेचाच असतो. तेव्हापासून ट्रेसिंगच्या वरच्या कोपऱ्यात मी एक अक्षर लिहिते, अक्षर उलटं दिसलं की थांबायचं. लाइट बॉक्स (खालून उजेड देणारी काचेची पेटी) असेल तर ही भानगडच नाही.

आता चपटेपणा. छोटी नाजूक वस्तू म्हणून आपण घाबरत घाबरत रंगवतो आणि गडद जागा पुरेशी गडद होतच नाही. अर्धवट डोळे मिटून खऱ्या कळीकडे बघा, सावलीची बाजू तुमच्या चित्रापेक्षा बरीच काळोखी निघेल. पण त्याआधी खोलीतले दिवे बघा. डोक्यावर ट्यूबलाइट, एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला टेबल लॅम्प असं सगळं चालू असेल तर कळीवर सावली पडतच नाही, मग तुम्ही ती काढणार कुठून? एकच उजेड ठेवा. बोटॅनिकल चित्रात तो डावीकडून वरून घ्यायची पद्धत आहे, उजव्या हाताने काम करणाऱ्यांना ते सोयीचंही पडतं कारण हाताची सावली कामावर येत नाही.

दुसरं म्हणजे सगळ्यात गडद पट्टा आपण कडेला नेऊन ठेवतो, आउटलाइनसारखा. गोल वस्तूवर तो कडेच्या किंचित आत असतो, अगदी कडेवर शेजारच्या कागदावरून किंवा पानावरून परत आलेला मंद उजेड असतो, ती केसाएवढी फिकट जागा सोडली की कळी गोल दिसते. आणि हायलाइट एकच, सगळ्या निदलांवरून आणि पाकळ्यांवरून मिळून जाणारा एकच, सांध्यांवर थोडा तुटलेला चालेल पण प्रत्येक निदलाच्या मधोमध एकेक पांढरी रेघ असली की झाला फुगा.

हे सगळं जमायला मला एका गोष्टीने मदत केली. हिरवा-गुलाबी काहीही लावण्याआधी मी सावलीच्या बाजूने वरपासून खालपर्यंत, निदलं आणि पाकळ्या सगळ्यांवरून मिळून, एकच अगदी पातळ निळसर-करडा वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर) देते आणि त्याची उजेडाकडची कड ओलसर ब्रशने विरघळवून टाकते. इतका पातळ की लांबून दिसूच नये. तो पूर्ण वाळला की त्यावर खरे रंग. म्हणजे तुकडे नंतर कितीही वेगळे रंगवले तरी खाली सावली सगळ्यांची एकच असते. जास्त गडद दिला तर मात्र वरचे रंग धुरकट होतात, पहिल्या दोन-तीन कळ्या मी अशाच घालवल्या.

सांध्यांचं एक बघून घ्या, कारण चांगली गोल झालेली कळी शेवटच्या पाच मिनिटांत इथेच बिघडते. सांधा म्हणजे दोन्हीकडून सारखी गडद रेघ नव्हे. जिथे एक पाकळी दुसरीवर चढलेली आहे तिथे वरच्या पाकळीची कड स्वच्छ आणि थोडी उजळ, आणि तिच्या लगेच खाली दबलेल्या पाकळीवर सावली, जी कडेपाशी धारदार सुरू होते आणि दुसऱ्या बाजूला विरत जाते. एक बाजू धारदार, एक मऊ. जास्वंदीच्या निदलांसारख्या नुसत्या टेकलेल्या कडांमध्ये मात्र ती खाच असते, मध्ये बारीक गडद आणि दोन्ही बाजूंना मऊ. आणि ही रेघ पूर्ण लांबीभर सारख्या जाडीची नको, तळाशी जरा ठसठशीत, पोटावर उजेडात जवळजवळ नाहीशी, टोकाशी परत. दोन ब्रश हातात ठेवते मी, एक रंगाचा, एक नुसता ओलसर, आणि ओलसर म्हणजे टिश्यूवर टेकवून घेतलेला, पाणी ठिबकणारा नव्हे. ब्रशही फार बारीक घेऊ नका, तीन शून्याच्या ब्रशात रंगच राहत नाही, रेघ अर्ध्यात वाळते आणि मग आपण तीच रेघ पुन्हा गिरवतो, ३ किंवा ४ नंबरचा चांगल्या टोकाचा ब्रश असला की बास.

मातकट रंगाचं कारण बहुतेकदा एकाच जागी सापडतं, हिरव्यातून गुलाबी किंवा लाल बाहेर येतं ना, बरोबर तिथे. हिरवं अजून ओलं असताना आपण लाल टेकवतो, दोघं मिसळतात आणि तपकिरी होतं, आणि मग ते झाकायला आणखी एक लेयर. एक बाजू पूर्ण वाळू द्या, हाताची उलटी बाजू कागदाला लावून बघा, गार लागलं म्हणजे आत अजून ओल आहे. घाईच असेल तर मध्ये केसाएवढी कोरडी पांढरी रेघ सोडून दोन्हीकडून रंग आणा, ती रेघ शेवटी सांध्याच्या सावलीत झाकली जाते.

दुसरं कारण ट्यूबमध्ये असतं. मागचं बारीक अक्षर वाचा, तिथे पिगमेंटचे, म्हणजे रंगद्रव्यांचे, कोड दिलेले असतात. सॅप ग्रीनसारख्या तयार हिरव्यात बहुतेक वेळा दोन-तीन पिगमेंट आधीच असतात, त्यात तुम्ही एक निळा आणि एक तपकिरी टाकला की चार-पाच झाले, मग रंग जिवंत राहणार कसा? मी कळीसाठी शक्यतो तीन एकेरी पिगमेंट धरते, पिवळ्यात पीवाय १५०, गुलाबीत पीव्ही १९ आणि एक निळा, आणि हिरवं त्यातूनच करते, म्हणजे निदलांवरची लालसर झाक आणि आतली पाकळी एकमेकांच्या नात्यातली वाटतात. सावली करायला काळा किंवा पेन्स ग्रे (गडद निळसर करडा) लालमध्ये घालू नका, कळीला बुरशी आल्यासारखं दिसतं. त्याच गुलाबीचा घट्ट लेयर द्या आणि गरज पडली तर त्यात कणभर निळा. निळ्यात अल्ट्रामरिन सुंदर आहे पण तो दाणेदार बसतो, अर्ध्या इंचाच्या गुळगुळीत कळीवर ते दाणे डोळ्यांत येतात, तिथे मी थॅलो ब्लू अगदी किंचित घेते, किंचित म्हणजे खरंच किंचित, तो फार जोरदार आहे. आणि गडद लालसाठी जुनं अलिझरिन क्रिमझन, पीआर ८३, टाळा, ते उजेडात विटतं.

हिरव्या निदलावर उन्हाच्या बाजूला जी लाली असते ती वॉशने लावली की हमखास तपकिरी होते. ती कोरड्या ब्रशने, बारीक बारीक रेघांनी, निदलाच्या शिरांच्या दिशेने चढवायची, मधून मधून खालचं हिरवं दिसू द्यायचं. लांबून डोळाच ते मिसळतो. वेळखाऊ आहे, कंटाळा येतो, पण दुसरा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

कळीच्या पोटावर कडा फुटलेला डाग पडत असेल, म्हणजे ब्लूम, तर ती वेळेची चूक आहे. वॉश अर्धवट वाळत आलेला असतो आणि आपण त्याच्यापेक्षा ओला ब्रश टेकवतो, ते पाणी पसरत जातं आणि रंगाचे कण ढकलून कडेला नेऊन ठेवतं. कागद डोळ्यांच्या पातळीला आणून तिरका बघा, पाण्याची चकाकी आहे तोवर रंग सोडता येतो, चकाकी गेली पण कागद अजून गार आहे ही मधली वेळ धोक्याची, तेव्हा हात मांडीवर ठेवायचा. कळी एवढीशी असल्याने ही वेळ पानापेक्षा खूप लवकर येते, म्हणून पानाच्या सवयीने काम केलं की फसतं. डाग ठिपक्याठिपक्यांचा, शाई फुटल्यासारखा असेल तर तो ब्लूम नाही, तिथे खोडरबर घासून कागदाचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून दिलेली खळ, गेलेलं असतं. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कॉटन हॉट प्रेस (गुळगुळीत) कागद असला तरी हे होतं, चांगल्या कागदावर खोडायचंच नाही. ग्रॅफाइटही रंग लावायच्या आधी पुटी रबरने (मऊ, मळता येणाऱ्या खोडरबराने) टिपून फिकट करून घ्या, वॉशखाली एकदा अडकलं की निघत नाही आणि पिवळ्यावर घाण दिसतं.

आणि मग ती कळी उमलतेच. जास्वंदीची कळी आदल्या दिवशी भराभर लांबते, सकाळी मोजलेलं संध्याकाळी जुळत नाही आणि आपल्याला वाटतं आपणच चुकलो. एकाच वयाच्या दोन-तीन कळ्या आणा, एक समोर आणि बाकीच्या ओल्या टिश्यूत गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये, पण फळांच्या शेजारी नको, पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि फुलं त्याने लवकर उतरतात. फांदीवर फूल आणि कळी दोन्ही असेल तर फूल आधी काढायचा मोह होतो, मी आता दोन्हीचं ड्रॉइंग आणि रंगाच्या पट्ट्या (जुळवलेल्या रंगांचे नमुने) पहिल्या तासात उरकते आणि मग निवांत रंगवत बसते. वनस्पतींची चित्रं काढणारा फर्डिनांड बाउअर १८०१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सफरीवर निघाला होता, तो तर जागेवर पेन्सिलचं चित्र काढून त्यावर रंगांचे आकडे लिहून ठेवायचा, जवळजवळ हजार छटांचे, आणि रंगवायचं काम पुढे परत गेल्यावर. आपल्याला दहा-बारा पट्ट्या पुरतात.

पट्ट्या कळीच्याच घ्या, फुलाच्या नकोत, यावरून एक राहिलंच. फुलाला वापरलेला रंग पातळ करून कळीला लावला की ती खोटी दिसते, कारण कळीचा रंग बरेचदा वेगळाच असतो. जाईचं फूल पांढरं पण कळी बाहेरून गुलाबी झाक असलेली. मॉर्निंग ग्लोरीच्या 'हेवनली ब्लू' जातीत तर कळी जांभळट-लाल आणि फूल आकाशी निळं, रंगद्रव्य तेच असतं, उमलताना पाकळीच्या पेशींमधला पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) साधारण ६.६ वरून ७.७ वर जातो आणि रंग पालटतो. शिवाय मिटलेल्या कळीत आपल्याला पाकळीची बाहेरची बाजू दिसते, ती आतल्यासारखी असेलच असं नाही. मोबाईलच्या फोटोवर इथे अजिबात विसंबू नका, जांभळा आणि निळा यांत तो हमखास गंडवतो.

पांढऱ्या कळीबद्दल थोडक्यात, ती पांढरी रंगवायचीच नसते. तळाशी पिवळट हिरवा, सावलीत अगदी फिकट करडा, आणि उजेडाची कड हरवत असेल तर तिथे मागे एखादं पान येईल अशी फांदी निवडा.

बिघडलेली कळी वाचवायची असेल तर पूर्ण वाळू द्या, मग ओलसर ब्रशने तेवढीच जागा दोन-तीनदा हलकेच फिरवून टिश्यूने टिपा, घासू नका. अल्ट्रामरिन बऱ्यापैकी निघतो, थॅलो आणि क्विनॅक्रिडोन गुलाबी (वरचा पीव्ही १९) कागदाला धरून बसतात, त्यांचा डाग राहतोच. तसं झालं तर मी त्या जागी सावली येईल का ते बघते, आणि हायलाइटच बुजला असेल तर पांढरं गॉश (अपारदर्शक जलरंग) लावत बसत नाही, ते लांबूनसुद्धा खडूसारखं कळतं. ट्रेसिंग अजून जपून ठेवलेलं असतं, फ्रिजमध्ये दुसरी कळी असते, नवा कागद घेते आणि कोपऱ्यातलं ते अक्षर सुलटं आहे ना, ते बघते.